भाऊजींची गाडी चांगली आहे, फक्त…

…नाही, पण मी म्हणतो, माणसाला दाढा उपटता येतात म्हणून त्याला इंजिनातलं कळतं, असं सांगितलं कुणी? आमचे भाऊजी हो! ताईचे यजमान. दातांचे डॉक्टर. दवाखान्यासाठी कापूस घ्यायचा तरी तीन दुकानं फिरणारा माणूस, आणि एका रविवारी सकाळी हाच माणूस आठ वर्षं जुनी आलिशान स्पोर्ट्स गाडी घेऊन दारात उभा! निळीशार, बुटकी, चार दारांची, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी घाबरून गॅस बंद केला. मी विचारलं, "भाऊजी, हे काय?" तर म्हणाले, "अरे, नवी असताना हिच्या किमतीत फ्लॅट आला असता. मला साध्या छोट्या गाडीच्या पैशात मिळाली!" आता तुम्हीच सांगा, फ्लॅटच्या किमतीची वस्तू माणूस एवढ्या स्वस्तात का विकेल? हा प्रश्न तुम्हाला पडला, मला पडला, ताईला तर गाडी बघायच्या आधीच पडला. भाऊजींना नाही पडला! कारण विकणारा त्यांचाच पेशंट. अक्कलदाढ काढलेली, अर्धा गाल बधिर, आणि त्या बधिर गालातून तो शपथेवर सांगत होता, "डॉत्तर, दाडी तांगली आहे… फत्त एत शेन्शर…"

तुम्हाला सांगतो, ते 'फक्त' आहे ना, त्या 'फक्त'नं घर खाल्लं!

पहिल्याच महिन्यात सकाळी खाली जाऊन बघतात तर गाडी एका कोपऱ्यावर गुडघा टेकून बसलेली. म्हणजे काय, तर हिला स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. आणि मेकॅनिक कसा, तर डोळे अर्धे मिटलेले, घाई म्हणून कशाची नाही… "साहेब… गाडी चांगली आहे. फक्त पिशवी फुटलीय. आता एक बाजू खोललीच आहे… तर दुसरीही बदलून टाकू." यावर भाऊजी काय बोलणार? बावीस वर्षं तेही पेशंटला हेच म्हणत आलेत, "आता तोंड उघडलंच आहे तर शेजारची दाढही बघून घेऊ!" मग हेडलाइट गेला. एक हं, एकच! त्या पैशात दवाखान्याची नवी खुर्ची आली असती. गाडीची किंमत दर वर्षी उतरते हो, पण ती उतरली हे तिच्या सुट्या भागांना कुणी कळवतच नाही! ते आपले फ्लॅटच्याच थाटात. भाऊजींच्या फोनमध्ये सगळ्यात वरचा नंबर ताईचा असायचा, तिथे बंद गाड्या उचलून नेणारा टोइंगवाला आला. ताई म्हणाली, "बरोबर आहे, त्याच्याशीच जास्त बोलणं असतं तुमचं."

पण खोटं कशाला बोलू, ती गाडी चालली की चालायची! एकदा मी शेजारी बसलो होतो. मोकळा, सरळ रस्ता. भाऊजींनी पाय जरासा दाबला, आणि दुसऱ्यांच्या तोंडात वाकून वाकून पाठीला बाक आलेला माणूस मला पहिल्यांदा ताठ बसलेला दिसला. त्यानंतर मी त्यांना काही बोललो नाही. ताई बोलायची, पण ती काय, ताईच आहे.

आणि मग तो फोन आला.

भाऊजींच्या आई अठ्ठ्याहत्तरच्या. एक डोळा आधीच गेलेला, आणि दुसऱ्या बुबुळावर पांढरा पडदा. दीड वर्ष त्या यादीत होत्या, कुणीतरी गेल्यावर त्याचा डोळा मिळेल म्हणून. सकाळी साडेसातला डोळ्यांच्या हॉस्पिटलातून बाई बोलतात, "डोळा आलाय. पेशंटला दहापर्यंत हजर करा, उपाशीपोटी. एकही मिनिट उशीर झाला तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलवावं लागेल." हॉस्पिटल साठ किलोमीटरवर! मी योगायोगानं तिथेच होतो. ताई म्हणाली, "टॅक्सी बोलवते." आणि भाऊजी म्हणाले… कपाळाला हात लावा आधी, मग ऐका… "टॅक्सी कशाला? कालच गॅरेजमधून आलीय. आईला आरामात जायला म्हणून तर घेतलीय ना मी ही!"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी पायातल्या बुटांकडे बघितलं. तेवढं एक चुकलं माझं, तेव्हा बोलायला हवं होतं.

निघालो आठला. आई मागे, मी पुढे. पंचवीस किलोमीटर लोण्यासारखी गेली हो गाडी! आणि मग, टुंग! पिवळा दिवा. आई मागून म्हणाल्या, "काय रे वाजलं?" भाऊजी म्हणाले, "काही नाही आई, सेन्सर आहे." पाच मिनिटांनी पुन्हा टुंग! दिवा लाल, आणि पडद्यावर अक्षरं, 'इंजिन तापले आहे, कृपया सावकाश चालवा.' सावकाश चालवा म्हणजे आपण सावकाश चालवायची असं नाही हं, तीच ठरवते! भाऊजी पाय दाबताहेत, दाबताहेत, आणि गाडी आपली तीसच्या वर जायला तयार नाही. मागे ट्रक. हॉर्नवर हॉर्न. उजवीकडून सगळं जग आमच्याकडे बघत पुढे जातंय, एक ट्रॅक्टरसुद्धा गेला! मी घड्याळ बघतोय, आठ पन्नास. भाऊजी त्या लाल दिव्यावर बोटानं टकटक करून बघताहेत, दुखरी दाढ ठोकून बघावी तसे. आणि मला काय म्हणतात, हळूच, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, "गाडी चांगली आहे रे… फक्त पाण्याचा पंप असेल…"

तेवढ्यात आई बोलल्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण कान शाबूत हो! म्हणाल्या, "अरे, आज कुणाच्या तरी घरी रडारड चालू असेल. अशा वेळी त्यांनी आपल्या माणसाचा डोळा काढून दिला. तो मला मिळो न मिळो, पण आपल्या हलगर्जीपणानं कुणाचा खोळंबा व्हायला नको. त्यांना फोन करून सांग, पुढच्या माणसाला बोलवा म्हणावं."

संपलं! भाऊजींचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आणि त्याच क्षणी बॉनेटमधून वाफेचा लोट. गाडी कडेला घेतली, घेतली म्हणजे ती स्वतःच जाऊन थांबली. मी टॅक्सीला फोन लावतोय, एक म्हणतो पाऊण तास, दुसरा उचलतच नाही. हात करतोय, कुणी थांबत नाही. आणि भाऊजी सवयीनं फोनमधला सगळ्यात वरचा नंबर लावतात!

"बोला डॉक्टर, आज कुठे?" टोइंगवाल्यानं नाव विचारलं नाही, काय झालं विचारलं नाही, थेट 'कुठे?' नशीब बघा, त्याच रस्त्यावर रिकामा येत होता. नऊ दहाला ट्रक हजर. खाली उतरला, साखळी काढायला लागला. "दहा मिनिटांत चढवतो डॉक्टर."

"नको."

"काय नको?"

"गाडी नको. आईला घे."

"अहो, गाडी रस्त्यावर सोडून? कुणी धडकलं तर? काही काढून नेलं तर?"

आणि आमचे भाऊजी, जे त्या गाडीवर चिमणी बसली तर रुमाल घेऊन धावायचे, ते ओरडले, "मरू दे रे ती गाडी! माझ्या आईला पोचव!"

मंडळी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला ट्रकच्या केबिनमध्ये चढवणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पायरी माझ्या कमरेएवढी उंच. वरून टोइंगवाला ओढतोय, खालून भाऊजी उचलताहेत, आणि आई म्हणताहेत, "सावकाश रे, मी काय गाडी आहे?" शेवटी आत कोण कसं, तर टोइंगवाला, आई, मी, आणि माझ्या मांडीवर अर्धे भाऊजी. तो ट्रक असा पळवला त्यानं, असा पळवला… मघाचा ट्रॅक्टर मागे टाकला! सिग्नलला थांबलो की भाऊजी पुटपुटायचे, "माझ्यामुळे… माझ्यामुळे…" आणि आई चाचपडत त्यांचा हात शोधायच्या, तर हाताला लागायचा माझा. मी तसाच राहू दिला. काय सांगणार!

नऊ सत्तावन्नला हॉस्पिटलच्या दारात. गेटवरचा माणूस काठी आपटतो, "ओ, इथे कुणाची गाडी उचलायची नाही!" टोइंगवाला म्हणाला, "उचलायला नाही, पोचवायला आलोय!"

दोन तास. बाकड्यावर आम्ही दोघं. भाऊजी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मग दार उघडलं, सर्जनबाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क काढला आणि म्हणाल्या, "ऑपरेशन चांगलं झालं, फक्त…"

भाऊजी मटकन खाली बसले! फरशीवरच! बाई घाबरल्या, "अहो, काय झालं? फक्त काही दिवस डोळ्याला पाणी लागू देऊ नका, एवढंच म्हणत होते मी!" आता त्यांना काय ठाऊक, या माणसानं 'फक्त' या शब्दापायी काय काय भोगलंय!

पट्टी दुसऱ्या दिवशी काढली. नीट दिसायला काही महिने गेले, पण दिसलं. एका सकाळी आई भाऊजींकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "किती पिकलास रे…" आणि हा पन्नाशीचा माणूस गॅलरीत जाऊन उभा राहिला, बराच वेळ.

गाडीचं विचाराल तर होती तशी सापडली. कुणी नेलीही नाही. न्यायला आधी चालू व्हायला हवी ना! भाऊजींनी ती विकायला काढली. पण आता खोटं बोलवेना. गिऱ्हाईक आलं की पंप, पिशव्या, हेडलाइट, सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवायचे. गिऱ्हाईक हात जोडून परत. ताई म्हणाली, महिनाअखेरपर्यंत ती तरी जाईल नाहीतर मी तरी. भाऊजी रडवेले होऊन माझ्याकडे आले. किल्ली पुढे केली. म्हणाले, "तू फक्त एक चक्कर मारून बघ."

मी बसलो. रस्ता मोकळा होता हो… पाय जरासा दाबला…

असो. आता कार्यक्रम संपलाय, तर मागच्या रांगेतल्या धट्ट्याकट्ट्या चौघा-पाच जणांनी जरा माझ्याबरोबर बाहेर यायचं. नाही नाही, धक्क्यानं ती चालू होत नाही, ऑटोमॅटिक आहे. गेटातून बाजूला घ्यायचीय, म्हणजे तुम्हाला तरी घरी जाता येईल.