पावसाळ्यातल्या बाटल्या राहिल्या

केनवडच्या मंडळींनो, रामेश्वर सरांच्या शोकसभेला इतके जण जमलात. मी बोलणार नव्हते. सरांचे थोरले बंधू सुखदेवभाऊ म्हणाले, "पोरी, तिकडचं काम तुलेच ठाव हाये, तूच बोल." म्हणून उभी आहे. मी शेलूबाजारची. कोकण किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत माझं टेबल रामेश्वर सरांच्या शेजारी आहे.

सर प्लवक मोजायचे. प्लवक म्हणजे समुद्राच्या पाण्यासोबत वाहणारे सूक्ष्म जीव. ते घटले की मासळी घटते. दर महिन्याला त्याच जागेचं पाणी, तोच सूक्ष्मदर्शक, तोच माणूस. वर्षानुवर्षं.

ते गावी आले की भाऊ विचारायचे, "आला का समुद्राचा पटवारी?"

सर म्हणायचे, "पटवाऱ्याची बदली होते. माही नाई होत."

"मंग इतके साल मोजून काय सापडलं?"

"एका सालच्या पान्यावरून तुमी हवामान बदललं म्हनता का, भाऊ? समुद्राचंई तसंच हाये."

तसंच आहे. वारा जोराचा असला की खोल पाण्यातली पोषकद्रव्यं वर येतात, प्लवक वाढतात. प्रशांत महासागर तापतो अशा एल निनोच्या वर्षी वारा मंदावला की ते घटतात. पुढे पुन्हा वाढतात. हे चढउतार मोठे असतात. त्यांच्याखाली एखादा कायमचा बदल हळूहळू होत असेल, तर तो दिसायला खूप वर्षं लागतात. गेल्या काही वर्षांत मोठे प्लवक कमी आणि बारीक जास्त, असं दिसू लागलं होतं. मी म्हणायचे, सर, आता लिहू या. ते म्हणायचे, थांब.

का थांबायचं? कारण मोजणारे डोळेही फरक करतात. एकाला जे दोन वाटतात, ते दुसऱ्याला तीन वाटतात. म्हणून मोजणारा बदलताना जुन्याने आणि नव्याने समुद्राच्या पाण्याच्या त्याच बाटल्या एकमेकांचे आकडे न बघता मोजायच्या. सगळ्या ऋतूंतल्या. मग दोघांच्या नजरेतलं अंतर कळतं. सर निवृत्त होणार होते, म्हणून आम्ही सुरुवात केली होती. हिवाळा झाला. उन्हाळा झाला. पावसाळ्यातल्या बाटल्या राहिल्या. सर सुट्टीवर घरी आले आणि झोपेतच गेले.

सरांनी मोजलेल्या पावसाळ्यातल्या जुन्या बाटल्या मी पुन्हा मोजाव्यात, असं कुणाला वाटेल. नाही होत. त्यातले नाजूक जीव काही महिन्यांतच विरून जातात. आणि पावसाळा हाच तर तिथला प्लवकांचा मुख्य हंगाम.

काल भाऊंनी विचारलं, "मंग आता तूच मोजशीन ना?"

मी म्हटलं, हो.

"अन् त्याच्यासारखंच येईन?"

मी म्हटलं, नाही. आणि किती वेगळं येईल, तेही सांगता येणार नाही.

   यंदा पावसाळ्यातला आकडा खाली आला, तर तो समुद्र बदलल्यामुळे आला की मी मोजल्यामुळे? मासेमारी करणारे मला हेच विचारतील. 

मोजणारा बदलला की आलेखात एक उभी रेषा ओढतात. तिच्या अलीकडचे आकडे सरांचे, पलीकडचे माझे. ते जोडून दाखवायला मला सांगितलं जाईल. मी जोडणार नाही. पुन्हा पहिल्यापासून वर्षं साठवावी लागतील.

परत गेल्यावर ती रेषा मला ओढायची आहे. अजून ओढलेली नाही. ती ओढेपर्यंत काम सरांचंच आहे.

आता सरांना श्रद्धांजली वाहायला सगळे उभे राहू या. 

सर, नमस्कार.