लोकर बांधलेले दोर

तळ्यावर होड्या उतरवायच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं गाडीवरच्या छोट्या होडीला शीड चढवत होतं.

"अहो, लाल लोकरीचा दोर लाल कडीत."

"ही लोकर कुणी बांधली?"

"मीच. मागच्या रविवारी कुठला दोर कुठे हे आठवत बसलात नि वारा पडला."

"पूर्वी डोळे मिटून दहा मिनिटांत उतरवायचो."

"आता उघडे ठेवून उतरवा."

"निळा इथे... पिवळा इथे. बघ गं, शीड श्वास घेतंय!"

"घेणारच. ढकला आता."

"किती वेळ लागला?"

"घड्याळ घरीच राहिलं."

म्हाताऱ्याने मागे वळून विचारलं, "बाई, तुम्ही सांगता?"

सव्वा तास झाला होता. बाईंनी बाही मनगटावर ओढली.

"माझं बंद पडलंय हो. पण वारा आहे अजून, निघा."