गुण कमी करून द्या

(शिक्षण खात्याचं कार्यालय, अनुदानाची खोली. टेबलापलीकडे अधिकारीबाई. अलीकडे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची सून. मास्तरांची नऊ वर्षांची नात बाहेर बाकावर शिपाईमामांजवळ बसली आहे.)

मास्तर : नाही, असं नको. तुम्ही तिकडे, मी इकडे, मध्ये हा फायलींचा डोंगर. अशाने गोष्ट पोचायची नाही. खुर्ची जरा जवळ ओढा, बाई. हां, असं. आता ऐका. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचं गणित कसं चुकलं, त्याची गोष्ट सांगतो. अशी तुमच्या टेबलावर आलेली नसेल.

अधिकारीबाई : आजोबा, बाहेर बारा जण थांबलेत. गोष्ट नको, अडचण सांगा.

मास्तर : अडचण हीच गोष्ट. माझी नात तुमच्या चाचणीत पास झाली.

अधिकारीबाई : मग?

मास्तर : मग काय! नापास करा तिला.

सून : बाबा, मी सांगते. मॅडम, विशेष मुलांना खासगी शाळेत घालायचं तर सरकार फी देतं ना, त्यासाठी आम्ही अर्ज केला होता. तीन आठवड्यांपूर्वी तिची चाचणी झाली. चाळीसपैकी वीसच्या खाली गुण पडले तर अनुदान. तिला पडले एकोणतीस.

मास्तर : एकोणतीस.

सून : बाबा, तुम्ही अजून हसताय.

मास्तर : हसत नाही गं. आकडा ऐकला की तोंडच तसं होतं. आयुष्यभराची सवय.

अधिकारीबाई : फाईल सापडली. "मुलगी न अडखळता उत्तरे देते. बोलणे किंचित गाण्यासारखे." अहो, चांगलं लिहिलंय की. एकोणतीसवर तुम्हाला दुसरी सवलत बसते. नेहमीच्या खासगी शाळेत अर्धी फी सरकार भरतं. तो अर्ज देऊ?

सून : तिथेच तर आहे ती, मॅडम. शेवटच्या बाकावर. दिवसभर पेन्सिलींना टोक काढत बसते. घरी येते तेव्हा एवढ्या एवढ्या थोटक्या पेन्सिली दप्तरात. बाईंनी कधी विचारलं नाही, टोक काढून लिहिलंस काय म्हणून.

अधिकारीबाई : सरकारी शाळेत विशेष शिक्षिका असतात...

सून : विचारून आले. एकच आहेत, तीन शाळांना मिळून. आठवड्यातून एकदा येतात. आणि त्यांच्यासाठीसुद्धा तुमचा दाखला लागतो, वीसच्या खालचा. आम्हाला ती टेकडीखालची विशेष मुलांची छोटी शाळा हवीय. अकरा मुलं, चार शिक्षिका. त्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवलीय. अनुदान नाही मिळालं तर ती फी आम्हाला झेपणार नाही. आणि जागा दुसऱ्याला जाईल.

अधिकारीबाई : ताई, मला तुमचं कळतंय. पण मग एकोणतीस पडले कसे?

सून : बाबा, आता सांगा.

मास्तर : सांगतो. पण मध्ये बोलू नका. शेजाऱ्यांच्या मुलाची गेल्या वर्षी चाचणी झाली होती. त्याच्या आईला प्रश्न आठवत होते. मी वहीत उतरवून घेतले. मागचे पेपर सोडवले की निम्मं काम झालं, हे मी वर्गात चाळीस वर्षं सांगत आलो.

अधिकारीबाई : म्हणजे तुम्ही तिची तयारी करून घेतली?

मास्तर : अकरा आठवडे. रोज पहाटे देवाला हात जोडायचे आणि मग तिला घेऊन बसायचं.

अधिकारीबाई : अर्जावर स्पष्ट छापलंय, ही परीक्षा नव्हे, मुलाला तयारी करून आणू नये.

मास्तर : वाचलं ना. पण परीक्षेच्या कागदावर काय काय छापलेलं असतं, बाई! कोण मनावर घेतं? आणि अनुदान म्हटल्यावर मला वाटलं, शिष्यवृत्तीसारखं असेल. चांगले गुण पडले की सरकार खूश होऊन पैसे देईल. मी जन्मभर मुलांना वर चढवायला शिकलो. कुणाला खाली ठेवलं म्हणजे त्याचं भलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

अधिकारीबाई : पण तिला पाठ झालं कसं? अहवालात तर लिहिलंय, शाळेत पाच ओळीसुद्धा पाठ होत नाहीत.

मास्तर : देवाने तिला कान दिलेत, बाई. नुसतं सांगितलं की वाऱ्यावर जातं. चालीवर सांगितलं की आत उतरतं. मी पहिला सूर द्यायचा, की पोर पुढे नेते. एक अक्षर सुटत नाही. घरी आलेले बाहेरगावचे पाहुणे ऐकून थक्क झाले.

अधिकारीबाई : हे बघा, नियम सांगते. फेरचाचणी वर्षाने होते. त्याआधी हवी तर एकच वाट आहे. ज्याने तयारी करून घेतली, त्याने तसं लेखी द्यायचं. उत्तरं पाठ करून घेतली, मुलीला त्यांचा अर्थ कळत नाही, असं. स्वतःच्या अक्षरात. मग मी समितीकडे पाठवू शकते.

मास्तर : पाठ करून घेतली हे लिहितो. दहा वेळा लिहितो. पण अर्थ कळत नाही, हे कसं लिहू?

अधिकारीबाई : त्याशिवाय फेरचाचणी नाही.

मास्तर : तिला येतं ते, बाई! थोडं उशिरा येतं, आपल्या वाटेने येतं. पण येतं. मी माझ्या विद्यार्थिनीला खोटं पाडू?

सून : बाबा, आज वार कोणता?

मास्तर : सोमवार. का?

सून : सकाळी पेपरवाल्याने तिला हेच विचारलं. ती म्हणाली, मंगळवार.

मास्तर : चुकली असेल. मोठी माणसंसुद्धा चुकतात.

सून : काल विचारलं तेव्हाही मंगळवार. शनिवारी मावशी आल्या होत्या, तेव्हाही मंगळवार. चाचणी मंगळवारी होती, बाबा. तुम्ही तिला तेवढंच शिकवलंत.

मास्तर : मी... मला वाटलं, त्या दिवसापुरतं.

सून : ती अजून त्याच दिवसात आहे.

मास्तर : हे मला आधी का नाही सांगितलंस?

सून : आणखी एक सांगितलेलं नाही. गेल्या गुरुवारी तुम्ही बाहेर गेला होतात. मी वर कपडे वाळत घालत होते. खाली दूध उतू गेलं, गॅस विझला. बर्नर तसाच चालू. ती शेगडीसमोर उभी होती. आणि गात होती. "धोका दिसला तर काय करशील? मोठ्या माणसांना हाक मारीन." तुमची चाल. प्रश्नही तीच म्हणत होती, उत्तरही तीच.

मास्तर : हाक नाही मारली?

सून : नाही. गातच राहिली. मला वर ऐकू येत होतं. मला वाटलं, सवयीने म्हणतेय. छान म्हणतेय असं वाटलं, बाबा. चिमटे संपले म्हणून खाली आले, नाहीतर...

अधिकारीबाई : ताई, पाणी घ्या.

सून : नको. बाबा, तुमच्याइतका वेळ तिला कुणी दिला नाही. मीसुद्धा नाही. म्हणून माझी जीभ रेटत नव्हती. पण ते आत उतरत नाही हो. ओठांवर थांबतं. तिथून आत कसं न्यायचं, ते त्या शाळेतल्या बायकांना येतं. मी बघून आलेय. त्या खरी शेगडी पुढ्यात ठेवतात आणि खरी हाक मारायला लावतात. शंभर वेळा.

मास्तर : शंभर वेळा.

सून : लागले तर दोनशे.

मास्तर : आणि माझ्याकडे अकरा आठवडे होते. बाई, कागद द्या.

अधिकारीबाई : हा घ्या. वर तारीख घाला.

मास्तर : "मी, मुलीचा आजोबा, निवृत्त शिक्षक, लिहून देतो की चाचणीतील सर्व उत्तरे मी तिच्याकडून चालीवर पाठ करून घेतली. उत्तरे तिची नव्हती, माझी होती." एवढं पुरे?

अधिकारीबाई : पुढचं वाक्य, आजोबा.

मास्तर : सूनबाई, एवढं तू लिहितेस का?

सून : तुमच्याच अक्षरात लागतं, बाबा.

मास्तर : हो. तसं म्हणाल्या त्या. चाळीस वर्षांत कुणाच्या प्रगतिपुस्तकावर असं लिहिलं नाही मी. "प्रयत्न करावा" लिहायचो. त्याच्या खाली कधी उतरलो नाही.

अधिकारीबाई : सावकाश लिहा.

मास्तर : बाहेर बारा जण आहेत म्हणालात.

अधिकारीबाई : थांबतील ते.

मास्तर : "तिला... या उत्तरांचा अर्थ... कळत नाही." झालं. बघा, वाचता येतंय ना?

अधिकारीबाई : येतंय. ताई, तुमचीही एक सही. अनुदान मिळालं तर वर्षभर सरकारी विशेष शिक्षिकेवरचा हक्क सुटतो. ती शाळा नाही मानवली तर मध्येच परत येता येणार नाही. विचार करून करा.

सून : करून आलेय. कुठे करू? इथे?

अधिकारीबाई : तिथेच. मी आजच समितीकडे पाठवते. हमी देऊ शकत नाही. पण लेखी निवेदन असलं की बहुतेक मानतात. मानलं तर पुढच्या बुधवारी फेरचाचणी. महिना संपायला त्यानंतरही नऊ दिवस उरतात.

मास्तर : बुधवारी का? बरं. म्हणजे आता "बुधवार" बसवायला...

सून : बाबा!

मास्तर : नाही, नाही. नाही बसवत. तोंडातून गेलं.

अधिकारीबाई : आजोबा, आठ दिवस काही म्हणजे काही शिकवायचं नाही. आणि त्या दिवशी तुम्ही आत यायचं नाही. आईसुद्धा नाही. दार बंद असतं.

मास्तर : मागच्या वेळी मी आत होतो. कोपऱ्यात.

अधिकारीबाई : तेही लिहा खाली.

मास्तर : लिहितो. पण मग आता माझं एक ऐका. प्रवचन नाही, एवढंच. चाचणी कोण घेणार?

अधिकारीबाई : या वेळी बहुतेक मीच.

मास्तर : बरं झालं. तुम्ही प्रश्न विचाराल आणि ती गप्प बसेल. बराच वेळ बसेल. मग मान वळवून दाराकडे बघेल. तेव्हा तिला घाई करू नका, आणि लक्ष नाही म्हणून रागावू नका. ती मला शोधत असेल, मी पहिला सूर कधी देतो म्हणून. मी दारापलीकडे असेन, पण गप्प असेन. गुण काय पडायचे ते पडू देत, बाई. तेवढं तिचं ध्यानात ठेवा.