खंडेनवमीचं तेल

(दसऱ्याची सकाळ. नाशिक, गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीतला तिसरा मजला. दार सताड उघडं. दारात एक जाड टायरांची सायकल, तिच्या हॅन्डलला झेंडूचा हार.)

सायली : उत्तराताई, हिला ब्रेकच नाय!

उत्तरा : काय नाही?

सायली : ब्रेक! दोन्ही दाबले, पार मुठीपर्यंत. म्हटलं चला, आमच्याकडं न्यायचीच हाय, टेम्पोपर्यंत बसूनच नेऊ, तर ही बया पार्किंगच्या उतारावरनं सुसाट. सकाळी विकून उरलेला झेंडू ओतून ठेवला होता ना टेम्पोमागं, त्यात तोंड खुपसून पडले. सहादूकाका वॉचमन अजून हसत्यात.

उत्तरा : अगं, लागलं का तुला?

सायली : मला नाय. झेंडूला लागलं.

उत्तरा : आणि वर कशी आणलीस एवढ्यात?

सायली : लिफ्टनं.

उत्तरा : लिफ्टने? सेक्रेटरींनी पाहिलं असतं म्हणजे! दोन वर्षं खांद्यावर टाकून जिना चढतेय मी. सायकलने लिफ्ट मळते म्हणे.

सायली : ते गेलेत आपट्याची पानं आणायला. सहादूकाकांनीच लिफ्टचं दार धरलं.

उत्तरा : परवा चामरलेणीच्या डोंगरावरून उतरले तेव्हा ब्रेक अगदी ठणठणीत होते गं. थांब. इकडे उजेडात घे. ही चकती बघ, किती चकाकतेय.

सायली : वास घ्या. तिळाचं तेल हाय! आन वर कुंकवाची बोटं.

उत्तरा : अरे देवा. अण्णा! अण्णा, जरा बाहेर येता का?

अण्णा : आलो, आलो. अजून निघाली नाही होय ही? मी आपला तिकडे पोथी उघडून बसलो होतो. म्हटलं, जाणाऱ्याचा निरोप घेत बसलं की पाय निघत नाही. सायली ना तू? पिंपळगावची, द्राक्षवाली?

सायली : हो अण्णा. आज झेंडूवाली.

उत्तरा : अण्णा, काल तुम्ही सायकलची पूजा केलीत ना?

अण्णा : म्हणजे काय! सगळा जन्म पंचवटीत गेला. लोकांच्या तलवारी पूजल्या, ट्रक पूजले, एकाचं तर डोसे करायचं यंत्र पूजलं. आणि माझ्या सुनेची सायकल माझ्याच खोलीत असताना खंडेनवमीला तशीच ठेवू? घासली, पुसली, तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं. हार तूच पाहिलास की.

उत्तरा : तेल कशाकशाला लावलं?

अण्णा : साखळीला लावलं. आणि चाकाच्या मधोमध ती भोकं पाडलेली चकती असते ना, तिला तर सढळ हाताने. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. अगदी कोरडी पडली होती गं बिचारी. रोज पहाटे तू दारातून काढतेस तेव्हा किंचाळते, मला ऐकू येतं. म्हटलं, चाललीच आहे तर जाता जाता हिचा घसा तरी ओला करू.

सायली : अहो अण्णा, ती ब्रेकची चकती हाय! आम्ही तिला उघडं बोटसुद्धा लागू देत नाय.

अण्णा : ब्रेक तर रबराचे असतात. चाकाच्या कडेला. गुटके.

उत्तरा : तुमच्या सायकलला होते, अण्णा. हिच्यात दोन पॅड ती चकती चिमटीत धरतात, तेव्हा ही थांबते.

अण्णा : म्हणजे तेल लावल्यावर?

सायली : मग चिमटीतनं सटकती. मासळीवानी.

अण्णा : म्हणजे मी पूजा करून हिला थांबता येणार नाही असं करून ठेवलं.

उत्तरा : तसं नाही हो...

अण्णा : तसंच आहे. तू रात्री म्हणाली होतीस, शेवटची एक चक्कर मारून येते. मीच म्हटलं, कशाला, अंधार आहे. गेली असतीस म्हणजे?

उत्तरा : गेले नाही ना? बसा आधी. हे बघा, सायली त्यावरून झेंडूत पडली आणि हसतेय. यापेक्षा चांगला अपघात मी तरी बघितला नाही.

अण्णा : यावर उपाय काय?

उत्तरा : चकत्या स्पिरिटने पुसल्या की झालं. पण पॅड तेल पितात, ते बदलायचे. आत्ता कुठलं दुकान उघडं असणार, सगळे पूजेत. राहू दे. नाहीतरी टेम्पोतच टाकायची आहे. सायली, तिकडे तुझ्या शेडमध्ये सावकाश कर.

अण्णा : ते चालायचं नाही. माझ्या घरातून ही मोडकी जायची नाही.

सायली : माझ्या थैलीत एक नवी जोडी हाय. ती पुढच्या चाकाला टाकू. मागचे भाजू.

अण्णा : भाजू?

सायली : गॅसवर, पापडासारखे. तेल जळून जातं. मग पॉलिश पेपरनं घासायचे. जुगाड हाय, पण डोंगरात सगळे करत्यात.

अण्णा : आण इकडे. जन्मभर अग्नीत तूप ओतलं, आज त्याच्याकडून तेल काढून घेतो. उत्तरा, जाळी कुठे आहे पापडाची?

उत्तरा : अण्णा, त्या गॅसवर पुऱ्या तळायच्यात!

अण्णा : पुऱ्या थांबतील. श्रीखंड काय, बसलंय फ्रिजमध्ये थंड डोक्याने. आणि ते स्पिरिट काढ, कोरोनातल्या बाटल्या आहेत अजून माळ्यावर.

सायली : ताई, तुमचे सासरे लय भारी हायेत.

उत्तरा : हो ना. खिडकी उघड, धूर झालाच बघ.

अण्णा : धूर निघाला! सायली, स्वाहा म्हणू का?

सायली : म्हणा की! चिमट्यानं पलटा आता. बोट लावू नका.

अण्णा : काय वास आहे. इतक्या होमांत असा वास घेतला नव्हता. माझ्या सायकलला असलं काही नव्हतं हो. पंचवटीतून गंगापूर गावापर्यंत सत्यनारायणाला जायचो, धोतराला चिमटा लावून. गुटके झिजले तर पाय टेकायचा. आणि हिचा सरंजाम बघा! हिला हातमोजे, गुडघ्यांना ढाली, पाठीवर पाण्याची पखाल आणि त्या पखालीची नळी थेट तोंडात. सगळं सेलमध्ये मिळालेलं. या घरात गेली दोन वर्षं बारमाही सेल चालू आहे.

उत्तरा : अण्णा...

सायली : सेल कसला, पार्सल तर सगळी माझ्याच पत्त्यावर...

उत्तरा : सायली!

अण्णा : ओरडू नकोस तिच्यावर. मला पहिल्या हेल्मेटपासून ठाऊक आहे. पोराला, मयुरेशला, मी बोललो नाही. तो सिन्नरला कंपनीत यंत्रं सांभाळतो, घरची यंत्रं कशाला त्याच्या डोक्यावर? फक्त ती दोरीवरची चड्डी तेवढी आत वाळत घालत जा. ती गादी शिवलेली. यजमान येतात, वर बघतात. मी सांगतो, मुलाची आहे.

सायली : अण्णा, हसवू नका, स्क्रू पडला बघा. ताई, एक विचारू? तुम्ही खरंच येणार का पिंपळगावला हिला चालवायला?

उत्तरा : येईन की. जमेल तसं.

सायली : जमेल तसं म्हणजे नाय. माझी आत्या पण माहेरी जमेल तसं येती, दोन दिवाळ्या झाल्या. इथनं चामरलेणी हाकेवर. रोज पहाटे जायच्या तुम्ही, म्हणून तर आपली गाठ पडली.

अण्णा : मलाही तेच विचारायचं होतं. पाठवतेस तरी कशाला?

उत्तरा : कशाला म्हणजे? अण्णा, तुमच्यासाठीच ना!

अण्णा : माझ्यासाठी?

उत्तरा : गणपतीनंतर रात्री उठलात आणि पेडलवर आपटलात, तेव्हा काय म्हणालात? या खोलीत एकतर ही राहील नाहीतर मी.

अण्णा : नडगी सोलवटली होती माझी! त्या वेळी माणूस काय आरती म्हणणार? सकाळी चहासोबत विसरलो मी.

उत्तरा : मी नाही विसरले. आणि तुम्ही चूक कुठे होतात? हॉलमध्ये सोफा उघडला की पाय ठेवायला जागा नाही. गॅलरी वॉशिंग मशीनने खाल्ली. खाली पार्किंगच्या चौकोनात फक्त गाडी लावायची. सायकल ठेवली तर आठवड्यात तिची सीट चोरीला. राहिली तुमची खोली. तुमचा पलंग, देवघर, तुमची ती ट्रंक. त्यात माझं हे धूड, चिखलाची चाकं घेऊन.

अण्णा : चिखलाबद्दल मी बोलत होतो, ते खरं. देवासमोर लाल मातीची रांगोळी काढायची ती. खालून पुसून आणत जा, असं सांगून दमलो.

सायली : एवढं महागाचं घर, आन सायकलीला टेकायला एक भिंत नाय. आमच्याकडं शेळीला पण खोली हाय.

अण्णा : मयुरेश मला एवढंच म्हणाला, उत्तराने ठरवलंय. मला वाटलं, कंटाळली असेल. विचारायचं मनात होतं. पण म्हटलं, सुनेच्या आवडीनिवडीत म्हाताऱ्याने नाक खुपसू नये. आपलं जाणारीला निदान थाटात निरोप द्यावा. म्हणून काल एवढा हार, एवढं तेल.

उत्तरा : कंटाळले? अण्णा, दिवसभर क्लिनिकमध्ये मी लोकांचे गुडघे वाकवत बसते. पाय उचला, दहा मोजा, सोडा. घरी आले की घर. पहाटेचा तेवढा एकच तास असतो की माझे गुडघे माझे असतात. वर पोचलं की खाली सगळं नाशिक पसरलेलं असतं आणि कुणालाही माझ्याकडून काही नको असतं. काल रात्री बाथरूममध्ये जाऊन रडले मी. नळ सोडून.

अण्णा : म्हणून सकाळी टाकी रिकामी!

उत्तरा : हसू नका ना.

अण्णा : हसू नको तर काय करू? एका घरात राहतो, मध्ये एक भिंत, तीसुद्धा अशी की त्या बाजूची शिंक या बाजूला ऐकू येते. तरी मी हार ओवतोय आणि तू नळ सोडतेयस. वेडी कुठली. सांगायचं नाही मला?

उत्तरा : तुम्ही तरी कुठे विचारलंत?

सायली : झालं का? पॅड गार झाले. घासले, बसवले, चकत्या लख्ख पुसल्या. खाली उतारावर बघून येते. आन येताना लिफ्टनंच येणार, सांगून ठेवते.

अण्णा : जपून गं! आधी हळू!

उत्तरा : ती जपते हो. झेंडू आहेच खाली.

अण्णा : उत्तरा, माझ्या खोलीत ये. हात लाव जरा.

उत्तरा : कशाला? ट्रंकेला? तुम्ही तर तिला झाडूसुद्धा लागू देत नाही.

अण्णा : आज देतो. उचल. जड आहे ना? दान आहे ते सगळं. एकेका यजमानाकडचं. छत्र्या, घोंगड्या, धोतरजोड्या, स्टीलचे डबे. दान आलेलं विकायचं नाही, टाकायचं नाही, म्हणून साठत गेलं.

उत्तरा : मग आता काय करताय?

अण्णा : अगं, द्यायला कुणी मना केलं होतं? एवढी वर्षं लोकांना दानाचं माहात्म्य सांगितलं, घरी मात्र कुलूप. ओढ अजून. दारापर्यंत. हां. बघ, मागे किती भिंत निघाली.

उत्तरा : अण्णा...

अण्णा : सायकल वर आली की पुढचं चाक या कोपऱ्यात. पेडल भिंतीकडे, माझी नडगी सुटली. मावेल की नाही?

उत्तरा : मावेल.

अण्णा : मग झालं. आता डोळे पूस, ती मुलगी आली.

सायली : थांबली! जागच्या जागी! सहादूकाकांनी मुद्दाम खुर्ची मधी घातली होती, वीतभर अलीकडं थांबली. तरी मागचे पॅड या आठवड्यात बदला, भाजलेल्यावर लय भरवसा नको. चला ताई, टाकू टेम्पोत?

अण्णा : टेम्पोत ही ट्रंक टाक.

सायली : आँ? आन सायकल?

अण्णा : सायकल कुठे जात नाही. तुझ्याकडे छाटणीला बाया आल्या असतील ना द्राक्षाच्या? त्यांना यातलं सगळं वाट. दसऱ्याचं सोनं म्हणून दे. कुणी विचारलं तर सांग, पंचवटीच्या ढुंढिराजगुरुजींनी जागा खाली केली.

सायली : ताई, खरंच इथंच ठेवायची हिला?

उत्तरा : खरंच. अण्णा, पुऱ्यांना थोडा उशीर झाला तर चालेल?

अण्णा : चामरलेणी?

उत्तरा : जाऊन लगेच येते. आज सीमोल्लंघन ना.

अण्णा : जा. सायली, तूही जा हिच्याबरोबर, तुझी सायकल टेम्पोत असेलच. ट्रंक काय पळून जात नाही. हेल्मेट घाल गं. ते सेलमधलं. आणि उत्तरा...

उत्तरा : हो, ठाऊक आहे. चिखल खाली पुसून आणीन.

अण्णा : नको पुसू. कुठवर जाऊन आलीस ते मला बघू दे.