कढत अंडं

नारीन गावातल्या गुरांच्या दवाखान्यातली रांग सकाळपासून जागची हलली नव्हती. माझ्यापुढे एकमेकींना अनोळखी अशा दोघी उभ्या होत्या. तरुण बाईच्या पायाशी तोंड सुजलेला कुत्रा होता. म्हातारीच्या हातात मेंढीच्या औषधाची रिकामी बाटली.

"काय चावलं गं याला?"

"चावलं नाही, आपा. मीच कढत अंडं कोंबलं त्याच्या तोंडात."

"अंडी खात होता होय? मग बरोबर केलंस. एकदा जीभ पोळली की जन्मात खुराड्याकडे बघत नाही. आमच्या सासूबाईंचा हाच उपाय."

"माझ्याही सासूचा. आठ दिवस खुराड्यात अंडं म्हणून दिसेना, आणि हा मोइनोक सारखा आमच्या एकुलत्या एका कोंबडीच्या मागं."

"चोरच मेला!"

"अंडं कोंबलं, तसा केकाटत आपल्या खोपटात शिरला. ओढून काढायला वाकले, तर आत कोंबडी बसलेली. तिच्याखाली सात अंडी, एकाला तडा नाही. तीच तिथं घालत होती, आपा. गवत सगळं तिला सोडून हा दारात बर्फावर झोपायचा."

"अगं बाई!"

"तीन दिवस झाले. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही."

"थांब, थांब जरा. माझा फोन कुठं गेला?... उमुतकान, सूनबाई, मी बोलतेय. ते चुलीवरचं अंडं उतरव. आपल्या कुत्र्याला देऊ नकोस... कधी दिलंस?... रडू नको गं. आधी त्याच्या खोपटात वाकून बघ."