खाचेवरची पट्टी

रेडिओ दुरुस्तीला घेऊन आलेल्या बाई उभ्या राहून कंटाळल्या होत्या. दुरुस्तीवाल्यासमोरचं म्हातारं जोडपं काही हलेना.

“लेकीने आठवीत केलेला गेम होता यात. रविवारी बघायला येतेय ती. म्हणून अख्खी फ्लॉपी एका फाइलीत उतरवत होतो.”

“गेम पुसला गेलाय, काका.”

“तो जुना कॉम्प्युटर! ही फ्लॉपी काढा, कोरी घाला, बावीस वेळा. हात भरून आले.”

“एकदा चुकून हिच्यावरच लिहिलंत. कडेच्या खाचेवर पट्टी नव्हती? ती असली की पुसलं जात नाही.”

“होती की!”

“मळकी दिसत होती हो,” काकू म्हणाल्या. “मीच काढली काल.”

काका खाकरले. “अगं, पट्टीचं काय घेऊन बसलीस! फ्लॉपीला बुरशी लागलेली. जायचीच होती.”

“खरं का हो?”

दुरुस्तीवाल्याने फ्लॉपी उजेडात धरली. रेडिओवाल्या बाईंना तिच्यावर एकही डाग दिसला नाही.

“हो काकू. लेकीलाही बुरशीच सांगा.”