मासिकात परत बोलणं आलं

फॅशन काय नुसती बेलबॉटमचीच असते होय? अहो, डॉक्टरकीचीही असते! सत्तर-एकाहत्तरला मी राजूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मनाच्या आजारांवरचं एक मोठं विलायती मासिक त्यांच्याकडे बोटीनं यायचं. माणूस देवासारखा, पण मासिकात छापलं तेच खरं!

आधी त्यात असायचं, रोग्याला बोलू द्या. म्हणून पोरगा गेलेली भागूबाई बाजारच्या दिवशी यायची, तासभर पोराचं सांगायची आणि हलकी होऊन जायची. मग वारं फिरलं. अंकामागून अंक गोळ्यांचेच यायला लागले. डॉक्टर विचारायचे, "झोप येते? भूक लागते?" की लगेच हातात पुडी.

एकदा भागूबाईच म्हणाली, "डाक्टर, आज पोराचं न्हाई इचारलं?"

"मावशी, आता नवी पद्धत आलीय. बोलायची गरज नाही."

"व्हय का? मंग त्या पुस्तकात परत बोलायचं आलं, की निरोप धाडा."

ती यायची थांबली. आणि वर्ष-दीड वर्षानं खरंच आलं हो! नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, रोग्याशी बोला. डॉक्टर अंक हातात घेऊनच एसटीकडे धावले. तिच्या गावाला जाणाऱ्या कंडक्टरला म्हणाले, "भागूबाईंना सांगा, बोलायला या म्हणावं."

संध्याकाळी गाडी परतली, तेव्हा डॉक्टर स्टँडवरच उभे होते.

कंडक्टर म्हणाला, "निरोप दिला, डाक्टर. पन म्हातारी आता कुनाशीच बोलत न्हाई."